सुजाता, अनुमोदक म्हणून तुझं नाव

बुधवार. तू गेल्याचा सहावा दिवस.

परवा सोमवारी नगरपरिषदेच्या सभागृहात तुझी शोकसभा झाली. हजर होते ते असे. अध्यक्ष, उपाध्यक्ष, मुख्याधिकारी, सभेचा लिपिक. सदस्य नऊ, त्यांत बाया दोन. ज्या सदस्य बाया आल्या नाहीत त्यांच्या खुर्च्यांवर त्यांचे नवरे, पाच. घरचे म्हणून तुझे मालक, प्रभाकर भाऊजी, आणि मी, तुझी थोरली जाऊ. बाजारातल्या सतरा बाया आल्या होत्या, चंद्रकला भाजीवाली आणि हलिमाबी बांगड्यावाली पुढे. त्यांना "वर जागा नाही" म्हणून जिन्याखाली थांबवलं. वर आठ खुर्च्या रिकाम्या होत्या. मी मोजल्या.

सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग भाषणं झाली. कोणी तुला शांत म्हणालं, कोणी समंजस. उपाध्यक्ष म्हणाले, "ताईंनी कधी कोणत्या विषयाला आडकाठी केली नाही." मी खाली बघत बसले. शेवटी लिपिकाने रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं, पानाच्या तळाशी बोट ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, घरच्यांतर्फे इथं सही. शोकप्रस्ताव नंतर लिहून घेतो."

पान कोरं होतं. आणि मी सही केली.

तेवीस वर्षं शाळेत लिपिक आहे मी. हेडमास्तर बदलले, पण न वाचता माझी सही कोणी घेतली नाही. याच एका गोष्टीवरून शेवटी शेवटी तुला बोलले होते. रडून डोळे सुजले होते, हे कारण मला चालणार नाही. तुझं एकही कारण मी चालू दिलं नव्हतं.

काल, मंगळवारी, शोकप्रस्तावाची प्रत घरी आली. जाड कागद, वर शिक्का. भाऊजींनी वाचली आणि पहिल्याच ओळीला थांबले. तुझ्या नावामागे 'कै.' लावलं होतं. ते लगेच नगरपरिषदेत गेले, म्हणाले, आम्ही बौद्ध, आमच्यात 'कालकथित' लिहितात. लिपिकाने दोन मिनिटांत नवीन प्रत काढून दिली, वर "सॉरी साहेब" म्हणाला. एवढी दुरुस्ती दोन मिनिटांत होते, हे तुला कळायला हवं होतं.

खालचं कोणी दुरुस्त केलं नव्हतं. खाली लिहिलंय, 'बाजार संकुलाच्या ठरावास अनुमोदन देऊन त्यांनी शहराच्या विकासात मोलाचे सहकार्य केले. सदर संकुलास त्यांचे नाव देण्याचा विचार व्हावा.' आणि त्याखाली माझी सही.

संकुल म्हणजे गाळे. ते होणार कोंडवाड्याच्या जागेवर. बाजारतळाच्या कोपऱ्यातला जुना कोंडवाडा, पूर्वी मोकाट जनावरं कोंडायची ती जागा, आता पडक्या भिंती उरल्यात. तीच जागा बायकांच्या स्वच्छतागृहासाठी ठेवलेली होती. त्याच एका गोष्टीवर तू निवडून आलीस. आता तिथे संडासाऐवजी दुकानं होणार आणि दुकानांवर तुझं नाव लागणार. सुजाता, मला तुझं रडू येत नाहीये. मला राग येऊन राहिलाय.

रागाची सुरुवात तुझ्यापासूनच करते.

आपला वॉर्ड बायकांसाठी राखीव सुटला तेव्हा भाऊजींनी आधीच छापून ठेवलेली पत्रकं वाया गेली. मग तुला उभं केलं. नव्या पत्रकावर भाऊजींचा फोटो मोठा आणि तुझा तिकिटाएवढा. तू ते पत्रक हातात घेऊन म्हणालीस, "अक्का, ह्याच्यात उभं कोण हाय?" मी म्हणाले, "तू." "मग मी बसल्यासारखी कामून दिसून राहिले?"

मतदारांच्या याद्या माझ्याकडे होत्या. घरागणिक खूण. आपलं असेल तर बरोबरची, नसेल तर फुली, कळत नसेल तर प्रश्नचिन्ह. संध्याकाळी शिलाई मशीन बंद करून तू फक्त प्रश्नचिन्हांच्या घरी जायचीस. एकदा वही उलटीपालटी करून विचारलंस, "ह्याच्यात मी हाय का?"

"आहेस की. तुझं मत नाही का?"

"कोणती खूण केली?"

"प्रश्नचिन्ह."

किती हसलीस. "बरोबर हाय अक्का. मलाच अजून ठाव न्हाई."

पण बाजारात मात्र तुला पक्कं ठाऊक होतं. लग्न होऊन शिरूर अनंतपाळहून आलीस तेव्हापासून दर आठवड्याला परकर-ब्लाउजपिसांचं दुकान तू त्या बाजारतळावर मांडलंस. लोह्याच्या बाजारालाही जायचीस. सकाळी सहाला बसलेली बाई संध्याकाळी सातला उठते आणि मधे पाण्याचा घोट घेत नाही, हे तुला माहीत होतं. अगदीच नाइलाज झाला तर तिघी मिळून कोंडवाड्याच्या भिंतीआड जातात. एक बसते, एक साडी आडवी धरते, एक वाटेवर उभी राहते. तू साडी धरणारी होतीस. प्रचाराच्या शेवटच्या बाजारी तू तागडी ठेवायच्या खोक्यावर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "गटार, रोड, लाइट सगळेच करतेत म्हणतेत. मी एकच करणार. हितं बायांसाठी संडास. न्हाई झालं तर माझं दुकान उचलून फेका." हलिमाबी ओरडली, "दुकान नको, परकर वाट!" सगळा बाजार हसला. अकरा मतांनी आलीस. प्रश्नचिन्हांची किमान वीस घरं त्यात होती, हे मी आजही दाखवून देईन.

पहिल्या सभेला भाऊजी तुझ्याबरोबर आले आणि तुझ्या नावाच्या पाटीमागे बसले. तू उभी. शिपायाने चहाही त्यांना दिला. सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "उठा, माझी खुर्ची हाय. तुम्हाला बसायचं असंल तर खुल्या वॉर्डातून निवडून या." हे मला त्या दिवशी तीन जणांनी येऊन सांगितलं. मी तुला कधी बोलले नाही, पण त्या रात्री तुझ्या नावाने मी शेवयांची खीर केली होती. घरी म्हटलं, दूध जास्त आलं होतं.

मग अशी बाई कोऱ्या पानावर सही कशी करायला लागली?

उत्तर मला माहीत आहे. मीच सांगितलं होतं. तू पहिल्याच महिन्यात विचारलंस, "अक्का, ते सभेच्या सुरुवातीलाच सह्या घेतेत. हजेरीची एक, आन् पाठीमागं ठरावाच्या पानांवर. पानं तर कोरी असतेत." मी म्हणाले, "सगळेच करतात ना? मग कर. पहिलंच वर्ष आहे, वैर नको घेऊस. काही चुकलं तर नंतर दुरुस्त करून घेऊ." दुरुस्त करून घेऊ. शाळेत हजेरीपटावर खाडाखोड झाली तर मी दोन दिवस जेवत नाही, आणि तुला मी हे सांगितलं.

आता कोंडवाड्याचा ठराव झाला त्या सभेच्या दिवशीचं.

नगरपरिषदेत पहिल्या मजल्यावर 'महिला' अशी पाटी असलेलं दार आहे. त्याला कुलूप. आत मोडक्या खुर्च्या आणि निवडणुकीच्या पेट्या. तू किल्ली मागितलीस तेव्हा "करून घेऊ ताई" म्हणाले. दर सभेला मागितलीस. म्हणून सभेच्या दिवशी तू सकाळपासून पाणी प्यायची नाहीस. बाजारातली सवय तुला तिथे कामाला आली. पण त्या दिवशी तुला बारीक ताप होता, गोळीबरोबर दोन तांबे पाणी झालं होतं. दुपारी शाळेच्या फाटकातून तू पळतच आलीस. "अक्का, लई घाई हाय." शिक्षिकांच्या संडासाची किल्ली माझ्याच टेबलात असते. परत आलीस तेव्हा माझा चहा आला होता. मी म्हणाले, "अर्धा पिऊन जा, तोंड उतरलंय." तू प्यायलीस. चार-पाच मिनिटं. मग गेलीस.

तू सभागृहात पोचलीस तेव्हा कोंडवाड्याचा विषय झालेला होता. तुला वाटलं, अजून यायचा आहे. तू शेवटपर्यंत बसून राहिलीस.

पंधरा दिवसांनी इतिवृत्ताची प्रत आली. नेहमीसारखी तू ती माझ्याकडे घेऊन आलीस, कारण सरकारी मराठी तुला हळू वाचता यायचं. मी वाचत होते. 'कोंडवाड्याची जागा बाजार संकुलासाठी वापरण्यास सर्वानुमते मंजुरी.' सूचक म्हणून उपाध्यक्षांचं नाव. अनुमोदक म्हणून तुझं.

"अनुमोदक म्हंजे?"

"म्हणजे त्यांनी मांडलं आणि तू म्हणालीस, हो, करा."

ब्लाउजची एक बाही उसवायला घेतलीस आणि चांगली शिवलेली बाही पूर्ण उसवून टाकलीस.

दुसऱ्या दिवशी तू कागद घेऊन आलीस. स्वतः लिहिलेला, खाली सही केलेला. तो आत्ता माझ्यासमोर आहे, म्हणून जसाच्या तसा उतरवते.

'मी सभेत नव्हते. मला लघवीला लागली होती. तुमच्या कार्यालयात बायांच्या संडासाला कुलूप आहे म्हणून मी शाळेत गेले होते. मी परत येईपर्यंत विषय संपला. मी अनुमोदन दिले नाही. माझे नाव काढा.'

मी वाचला आणि लगेच पालथा घातला. म्हणाले, "असं नसतं लिहायचं. ठेव, मी नीट लिहून देते." आणि मी लिहिलं, 'काही अपरिहार्य कारणास्तव सभागृहाबाहेर असल्याने सदर विषयावरील चर्चेत मी सहभागी होऊ शकले नाही.'

"अपरिहार्य म्हंजे काय वं अक्का?"

"जे टाळता येत नाही ते."

"मग मी तेच तर लिहिलं होतं. लघवी टाळता येती का?"

"सुजाता, हे सगळ्यांसमोर वाचलं जाईल. पुरुषांसमोर."

"वाचू द्या. त्यांना कळावं म्हणूनच लिहिलं."

"हसतील."

"मग हसू द्या. माझ्यावर अकरा महिने हसूनच राहिलेत."

मी तरी माझा कागद पुढे केला, पेन दिला. तू पेनाचं टोपण लावून परत ठेवलंस. "आजवर जे वाचलं न्हाई त्याच्यावर सह्या केल्या. आता जे माझं न्हाई त्याच्यावर करायची न्हाई. माझा कागद द्या."

आणि मी म्हणाले, "सापडत नाहीये. हरवला बहुतेक."

तो माझ्या कोपराखाली फायलीत होता. तुझा कागद नेऊन देणं म्हणजे आपल्या घराचं नाव त्या शब्दाबरोबर गावभर जाणं, एवढंच मला त्या वेळी दिसत होतं.

तू माझ्याकडे बघितलंस. "तुमच्याकडं कागद हरवत न्हाई, अक्का." आणि उठून गेलीस.

त्यानंतर तेरा दिवस होतीस तू. मी मोजलेत. त्या तेरा दिवसांत तू रोज दारावरून गेलीस, दोनदा भाजी दिलीस, माझ्या पोलक्याला आतून खिसा लावून दिलास. कागदाचा विषय काढला नाहीस. दुसरा लिहिता आला असता तुला. सहाच ओळी होत्या. नाही लिहिलास. मी आपण होऊन देईन म्हणून तू थांबलीस, हे मला तेव्हाही कळत होतं आणि मी लग्नसराईचं, परीक्षांचं, कशाकशाचं कारण काढत होते. सुजाता, एवढं सरळ माणूस असू नये. भांडायचं होतंस माझ्याशी. फायली उचकायच्या होत्यास. नवऱ्याला खुर्चीवरून उठवणारी बाई माझ्यापुढे का गप्प बसली? शेवटच्या दिवशी नांदेडच्या दवाखान्यात नेताना गाडीत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. कागद माझ्याकडेच आहे एवढं सांगायला सव्वा तासाची वाट होती. मी फक्त "आलंच, आलंच" म्हणत राहिले.

काल शोकप्रस्ताव वाचल्यावर मी फाइल काढली. भाऊजींसमोर तुझा कागद ठेवला. त्यांनी दोनदा वाचला.

"वहिनी, हे कुठं द्यायचं न्हाई."

"का?"

"तिचं नाव लागून राहिलंय एवढ्या मोठ्या इमारतीला. लेकरं वर बघून म्हणतील, आमच्या आईचं नाव. आन् तुम्ही हे लघवीचं घेऊन बसल्या."

"भाऊजी, तिने ते दुकानांसाठी केलं नव्हतं."

"ठाव हाय मला. पण ती गेली ना. आता संडास बी न्हाई आन् नाव बी न्हाई, असं करायचं का?"

ते वाईट माणूस नाहीत. तुझ्या मशीनवर त्यांनी पांढरं कापड घातलंय आणि कोणाला हात लावू देत नाहीत. पण नावाची ती पाटी रोज चंद्रकलेला आणि हलिमाबीला वाचावी लागेल. पडक्या भिंतीही गेलेल्या असतील, आणि आपल्याला आडोसा देणारी बाईच आपली जागा देऊन गेली असं त्या समजतील. सोमवारी जिन्याखाली हलिमाबीने माझा हात धरून तेवढंच विचारलं होतं, "उसने सच में हाँ बोली थी क्या, अक्का?" मी म्हणाले, नाही. ती म्हणाली, "फिर कागज पर कैसा?" मी म्हणाले, बघते.

आज सकाळी आवक खिडकीवर गेले. लिपिक कागद बघून म्हणाला, "मॅडम, सदस्य मयत आहेत. मयताची हरकत घेता येत नाही." शिक्का टेबलावर होता, हात लांब केला तर पोचला असता. मग त्यानेच हळूच सांगितलं, उद्याच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम व्हायचं आहे. त्या वेळी एखाद्या सदस्याने उभं राहून हे वाचलं तर नोंद घ्यावीच लागते. एकदा कायम झालं की मग काही नाही.

सदस्य कोण? तुझ्या शोकसभेला स्वतः आलेल्या बाया दोन. एक उपाध्यक्षांची भावजय. राहिल्या गोदावरीबाई. त्यांचे मालक हयात नाहीत, म्हणून त्यांची खुर्ची त्यांचीच आहे.

दुपारी त्यांच्याकडे गेले. सगळं सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या, मधूनमधून डोळ्याला पदर लावत होत्या. म्हणाल्या, "लई मायाळू होती. माझ्यासाठी बी संडासाची किल्ली तिनंच मागितली होती. वाचीन मी." मी कागद दिला. त्यांनी चष्मा लावला, ओठ हलवत वाचू लागल्या आणि दुसऱ्या ओळीवर चष्मा काढला.

"अगं माय. ह्यो शब्द मी न्हाई म्हणायची. तिथं माझ्या जावयाचा भाऊ बसतो."

"तिने लिहिलंय ते."

"असू दे. मी 'अडचण आली होती' म्हणते. चालतंय की."

"नाही चालत. अडचण म्हटलं की ते म्हणणार, कसली अडचण, घरची असेल. कुलपाचं कोणी ऐकणार नाही."

"मग 'अपरिहार्य' का काय ते असतंय ना, तसं म्हणते."

मी म्हणाले, "नाही बाई, ते सुद्धा नाही." म्हणाले आणि माझे मला कान गरम झालेले कळले.

मग त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "असं करा. तुम्ही शिकलेल्या. आधी तुम्ही म्हणून दाखवा मोठ्यानं. तुम्हाला जमलं तर मी बी म्हणते उद्या."

ओसरीत त्यांचा मुलगा आणि आणखी दोघं चहा पीत होते. मी कागद समोर धरला. 'मी सभेत नव्हते,' एवढं वाचलं. आवाज चांगला लागला होता. मग थांबले. ओसरीतले तिघंही बोलायचे थांबले होते. मी चष्मा पुसला. गोदावरीबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हणाले, उद्या सकाळी येते.

सभा अकराला आहे. साडेनऊला त्यांच्या घरी पोचायचं. पहिली ओळ झाली आहे. दुसरी वाचायची राहिली आहे.